‘संपूर्ण शरीरा’त मेंदू येतो की नाही?

कर्करोगाच्या उपचारांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या रुग्णाच्या घरी पेट-सीटी तपासणीचा अहवाल येतो, तो दिवस त्या कुटुंबाला सणासारखा असतो. ‘संपूर्ण शरीराची तपासणी केली, रोगाचा प्रसार कोठेही आढळला नाही,’ एवढे एक वाक्य वाचले की घरातील मंडळी देवापुढे नारळ ठेवतात, नातेवाइकांना फोन जातात, कित्येक महिने उतरलेल्या चेहऱ्यांवर पुन्हा कळा येते. आणि मग काही घरांत असे घडते की, दोन-तीन महिन्यांनी रुग्णाचे डोके सकाळी उठल्याबरोबर ठणकू लागते, चालताना एक पाय ओढला जातो, बोलताना नेमका शब्द आठवेनासा होतो. मेंदूचा एमआरआय काढला जातो आणि त्यात एक नव्हे, चार-पाच गाठी दिसतात. घरची माणसे सुन्न होऊन एकच प्रश्न विचारतात : संपूर्ण शरीराची तपासणी झाली होती ना? मग डॉक्टरांनी पाहिले तरी काय?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे अवघड नाही. दुर्दैवाने ते आधी द्यावे, असे फारच थोड्यांना वाटते. पेट-सीटीची नेहमीची तपासणी बहुतेक ठिकाणी कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत केली जाते. ‘संपूर्ण शरीर’ हा शब्द तेथे रूढीने वापरला जातो. त्यात मेंदूचा बराचसा भाग अनेकदा येतच नाही. आणि जेथे मेंदूही यंत्राखाली घेतला जातो, तेथेही नेहमीच्या पेट तपासणीला मेंदूतील लहान गाठ दिसेलच अशी खात्री नसते. यात कोणी कोणाला फसविले असे नाही. परंतु रुग्णाचा जो समज झालेला असतो, तो चुकीचा असतो आणि तो तसाच राहू दिला जातो. या गैरसमजाची किंमत काही वेळा फार मोठी असते, म्हणून आज या विषयावर थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शरीराच्या अन्य अवयवात उद्भवलेला कर्करोग रक्तावाटे मेंदूत जाऊन तेथे नव्या गाठी निर्माण करतो, यास मेंदूतील दुय्यम कर्करोग म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोग यात अग्रभागी आहे. त्यानंतर स्तनाचा, त्वचेतील मेलॅनोमा नावाचा, मूत्रपिंडाचा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग येतो. प्रौढ माणसाच्या मेंदूत सापडणाऱ्या दुष्ट गाठींत मेंदूतच जन्मलेल्या गाठींपेक्षा अशा बाहेरून आलेल्या गाठींचे प्रमाण अधिक आहे. नव्या औषधांनी रुग्णांचे आयुष्य वाढले, ही आनंदाचीच गोष्ट. पण आयुष्य वाढले तसा रोगाला मेंदूपर्यंत पोहोचण्यास अवधीही मिळू लागला. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने जी गाळणी ठेवली आहे, ती विषारी द्रव्यांना अडविते तशी कित्येक औषधांनाही अडविते. छाती-पोटातील रोग औषधाने आटोक्यात असताना मेंदूत तो वाढत राहतो, याचे एक कारण हेच आहे.

या रोगाचा शोध घेण्याची साधने गेल्या अर्धशतकात कशी बदलली, हे पाहण्यासारखे आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका स्त्रीच्या मेंदूचे पहिले सीटी चित्र घेतले. मेंदूच्या पुढील भागात गाठ असावी, असा डॉक्टरांना संशय होता आणि चित्राने तो खरा ठरविला. ते चित्र अवघ्या ८० बाय ८० चौकटींचे होते. आजच्या कोणत्याही साध्या मोबाइलवरील चित्रापुढे ते धूसर ठरेल. तरीही कवटी न उघडता मेंदूच्या आत डोकावण्याची विद्या त्या दिवशी माणसाच्या हाती आली. हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना त्याबद्दल १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने चित्रे घेणारा एमआरआय आला. त्याचा पाया घालणारे पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली हाच मान मिळाला. सीटीला हाडे आणि रक्तस्राव उत्तम दिसतात, तर एमआरआयला मेंदूसारख्या मऊ पेशीजालातील बारीकसारीक भेद दिसतात.

पेट तपासणीची रीत याहून निराळी. ग्लुकोजसारख्या एका द्रव्याला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडून ते शिरेतून देतात. कर्करोगाच्या पेशी साखरेच्या अधाशी असल्यामुळे जेथे ते द्रव्य अधिक साठते, तेथे चित्रात उजळ ठिपका उमटतो. आकार, जागा आणि कड यांबाबत हे चित्र अंधुक असते. परंतु तेथील पेशी कितपत जिवंत आणि कार्यरत आहेत, हे ते सांगते. म्हणजे सीटी आणि एमआरआय यांनी घराचा नकाशा द्यावा आणि पेटने कोणत्या खोलीत चूल पेटली आहे ते सांगावे, अशी ही वाटणी आहे.

आपल्याकडे अंधगजन्याय प्रसिद्ध आहे. एका आंधळ्याच्या हाती हत्तीची सोंड लागली, दुसऱ्याच्या हाती पाय, तिसऱ्याच्या हाती शेपूट. प्रत्येकाचा अनुभव खरा आणि प्रत्येकाचा निष्कर्ष खोटा. वैद्यकातील यंत्रांचीही अनेक वर्षे हीच गत होती. पेटचे चित्र एका दिवशी, सीटीचे दुसऱ्या दिवशी, दोहोंत रुग्णाची मान वेगळ्या कोनात आणि दोन वेगळे तज्ज्ञ आपापल्या खोलीत बसून अहवाल लिहिणारे. डेव्हिड टाउनसेंड आणि रॉनल्ड नट या दोघांनी ही दोन यंत्रे एकाच चौकटीत बसविली. त्यांचे पहिले संयुक्त यंत्र १९९८ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात कार्यान्वित झाले. काही वर्षांतच ते जगभर पसरले आणि पुढच्या दशकात पेट व एमआरआय यांनाही एकत्र आणणारी यंत्रे रुग्णालयांत आली. भारतात २००२ साली मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाले आणि या तपासणीची वाट आपल्यासाठीही मोकळी झाली.

एवढे वाचून कोणासही वाटेल की, दोन यंत्रे एक झाली, आता मेंदूतील गाठ सुटणार कशी? येथेच मेंदूचे वेगळेपण आडवे येते. माणसाच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा वापरते, तिच्यातील सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो आणि ती मुख्यतः ग्लुकोजमधून घेतो. पेटच्या चित्रात त्यामुळे निरोगी मेंदूच दिवाळीच्या रात्रीसारखा झगमगत असतो. यकृतात किंवा हाडात अंधारात पणती लावावी तशी गाठ उठून दिसते. मेंदूत मात्र ती दीपमाळेतील एका वातीसारखी हरवून जाते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात एमआरआयमध्ये दिसलेल्या मेंदूतील दुय्यम गाठींपैकी केवळ ६१ टक्के गाठी पेटमध्ये ओळखता आल्या. यंत्रे त्यानंतर बरीच सुधारली, पण मेंदूची ग्लुकोजची भूक काही कमी झालेली नाही. म्हणूनच मेंदूतील प्रसार शोधण्यासाठी गॅडोलिनियमयुक्त द्रव्य शिरेतून देऊन केलेला एमआरआय हीच आजही पहिली आणि मुख्य तपासणी मानली जाते. पेट-सीटी स्वच्छ आली म्हणून एमआरआयची गरज नाही, हा निष्कर्ष शास्त्राला धरून नाही.

मग संयुक्त तपासणीचा मेंदूच्या बाबतीत उपयोग काय? उपयोग मोठा आहे, पण तो कोठे आहे हे नेमके समजून घेतले पाहिजे. पहिला प्रसंग असा की, रुग्ण थेट झटका येऊन रुग्णालयात येतो, एमआरआयमध्ये मेंदूत गाठी दिसतात आणि मूळ रोग शरीरात कोठे आहे याचा पत्ता नसतो. अशा वेळी पेट-सीटी उरलेले शरीर एका फेरीत धुंडाळून मूळ ठिकाण दाखवू शकते आणि सुईने तुकडा काढण्यास सोयीची जागा सुचविते. दुसरा प्रसंग किरणोपचाराच्या आखणीचा. मेंदूतील गाठीवर अचूक नेम धरून एकाच किंवा मोजक्या बैठकांत जोरकस किरण सोडण्याच्या उपचारात मिलिमीटरचा हिशेब असतो. तेथे गाठीची कड एमआरआयमधून घेतात, किरणांच्या मात्रेचे गणित आणि कवटीची अचूक भूमिती सीटीमधून घेतात आणि संगणकावर दोन्ही चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसवितात. कवटी हे घट्ट, न हलणारे पात्र असल्यामुळे हे काम पोटापेक्षा डोक्यात अधिक विश्वासाने होते.

तिसरा प्रसंग सर्वांत नाजूक. किरणोपचारानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षाने, एमआरआयमध्ये गाठीची जागा पुन्हा मोठी दिसू लागते. ही कर्करोगाची परतफेरी असू शकते. तशीच ती किरणांनी मृत झालेल्या पेशीजालाची सूजही असू शकते. साध्या एमआरआयमध्ये दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात आणि उपचार मात्र परस्परांहून अगदी भिन्न. एकीकडे पुन्हा शस्त्रक्रिया वा किरण, दुसरीकडे स्टेरॉइड आणि संयम. येथे ग्लुकोजऐवजी अमिनो आम्लावर आधारलेली किरणोत्सर्गी द्रव्ये वापरून पेट करतात. निरोगी मेंदू ही द्रव्ये फारशी शोषत नाही, गाठ शोषते. त्यामुळे ती दीपमाळ विझते आणि हवी ती वात दिसते. हे पेट चित्र आणि रक्तप्रवाह मोजणारा एमआरआय एकत्र वाचले, तर निदानाला खरे बळ येते. शंभर टक्के खात्री तेव्हाही मिळत नाही. कधी कधी अखेरचा निकाल तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो. पण एखाद्या रुग्णाची कवटी विनाकारण उघडण्याची वेळ टळली, तर त्या यंत्राची किंमत वसूल झाली असे आम्ही म्हणू.

यावर काही अनुभवी डॉक्टर एक आक्षेप घेतात आणि त्याचा आदराने विचार झाला पाहिजे. ते म्हणतात, मेंदूपर्यंत रोग गेल्यावर चित्रे कितीही सुबक काढली, तरी रुग्णाच्या भवितव्यात काय फरक पडतो? या आक्षेपात तथ्य आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. फुप्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरलेले आणि शस्त्रक्रियेस किंवा नेमक्या किरणोपचारास योग्य नसलेले ५३८ रुग्ण त्यात होते. संपूर्ण मेंदूवर किरण दिलेल्या आणि केवळ स्टेरॉइड व शुश्रूषा मिळालेल्या रुग्णांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही गटांत ते नऊ आठवड्यांच्या आसपास होते. अशा रुग्णाला तपासणीसाठी गावोगाव फिरविण्यापेक्षा घरच्या माणसांत राहू देणे हाच उपचार होय.

पण याच्या शेजारी दुसरा अभ्यास ठेवला पाहिजे. जपानमध्ये ११९४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, मेंदूत ५ ते १० लहान गाठी असलेल्या, निवडक रुग्णांना केवळ नेमका किरणोपचार दिला, तरी त्यांचे आयुर्मान २ ते ४ गाठी असलेल्यांपेक्षा कमी भरले नाही. म्हणजे गाठी लहान असताना, मोजता येण्याजोग्या असताना सापडल्या, तर संपूर्ण मेंदू भाजून स्मरणशक्तीला बाध आणण्याची पाळी अनेकांवर येत नाही. कोणाला थांबवावे आणि कोणाला पुढे न्यावे, हे ठरवायचे तरी गाठी किती, केवढ्या आणि कोठे, शरीरातील उरलेला रोग किती आटोक्यात, हे कळले पाहिजे. तेव्हा आक्षेपाचे उत्तर आक्षेपातच आहे. योग्य तपासणी योग्य रुग्णाला मिळाली, तर निरर्थक उपचारही टळतात आणि सार्थ उपचारही वेळेवर होतात.

प्रत्येक कर्करुग्णाने मेंदूचा एमआरआय करून घ्यावा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आरंभीच्या अवस्थेतील स्तनाच्या कर्करोगात, काही लक्षण नसताना, तो सरसकट करण्याचा सल्ला शास्त्र देत नाही. मात्र फुप्फुसाचा कर्करोग अगदी आरंभीच्या टप्प्यापलीकडे गेलेला असेल किंवा मेलॅनोमा पुढच्या अवस्थेत असेल, तर लक्षणांची वाट न पाहता मेंदू पाहावा, असा सल्ला कर्करोगतज्ज्ञांची मार्गदर्शक सूत्रे देतात. आणि कर्करोगाचा पूर्वेतिहास असलेल्या कोणासही नवी डोकेदुखी, उलट्या, झटका, तोल जाणे, बोलण्यात किंवा वागण्यात बदल दिसला, तर मागच्या महिन्यातील पेटच्या अहवालाकडे बोट दाखवून कोणी त्याला परत पाठवू नये.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ पर्यंत मागे नेणाऱ्या गोमंतकातील आणि सिंधुदुर्ग-कारवारच्या पट्टीतील कर्करुग्ण पिढ्यान् पिढ्या मुंबई, बेळगाव, मणिपाल अशी वाट तुडवीत आले आहेत. कोकण रेल्वे झाल्यापासून परळच्या टाटा रुग्णालयाकडे जाणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. पण फलाटावर छातीशी प्लॅस्टिकची पिशवी धरून बसलेला माणूस अजूनही नजरेतून सुटत नाही. त्या पिशवीत एका गावचा सीटी, दुसऱ्या गावचा एमआरआय, तिसऱ्या गावचे पेट असते. यंत्रे एका चौकटीत आली, पण आपल्या रुग्णाची चित्रे अजून एका पिशवीतच एकत्र येतात, एका मेजावर येत नाहीत. आणि पिशवीतील कागदी प्लेटा एकमेकांवर बसविता येत नाहीत. त्यासाठी मूळ संगणकीय चित्रे लागतात आणि ती मागावीत हे कित्येकांना ठाऊकही नसते.

अंतराचा प्रश्न दुसऱ्याही अर्थाने आहे. पेटसाठी लागणाऱ्या किरणोत्सर्गी फ्लोरिनचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे. सायक्लोट्रॉनमधून निघालेले द्रव्य ३ तास ४० मिनिटांच्या प्रवासानंतर पोहोचले, तर चौथा हिस्साच हाती उरतो. कार्बनवर आधारलेल्या मिथिओनिनची गत याहून बिकट. त्याचे अर्धायुष्य २० मिनिटे, म्हणजे जेथे सायक्लोट्रॉन तेथेच त्याचा उपयोग. तरीही अंतराने हातपाय गाळण्याचे कारण नाही. १९७६ साली अमेरिकेत माणसाला हे ग्लुकोजसदृश द्रव्य प्रथम दिले गेले, तेव्हा ते ब्रूकहेवनच्या प्रयोगशाळेत तयार करून विमानाने फिलाडेल्फियाला नेण्यात आले होते. योजना आणि शिस्त असली की दीड-दोन तासांचे अंतर ओलांडता येते.

या पार्श्वभूमीवर आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतील बहुतेकांना पैसाही लागत नाही. पेट-सीटीच्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्याच ओळीत तपासणी शरीराच्या कोणत्या भागापासून कोणत्या भागापर्यंत झाली हे लिहावे आणि मेंदू त्यात नसेल, तर ‘या तपासणीवरून मेंदूविषयी निष्कर्ष काढू नये’ असे रुग्णाला समजेल अशा भाषेत नमूद करावे. संशय असेल तेथे एमआरआयची शिफारस त्याच अहवालात व्हावी. सर्व मूळ चित्रे रुग्णास न मागता द्यावीत. ती त्याच्या शरीराची आहेत आणि त्याने त्यांचे मोल मोजलेले असते. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या रुग्णालयांत कर्करोगतज्ज्ञ, प्रतिमातज्ज्ञ, मेंदूचे शल्यविशारद आणि किरणोपचारतज्ज्ञ यांची आठवड्यातून एक संयुक्त बैठक व्हावी, जेथे ही चित्रे शेजारी शेजारी लावून वाचली जातील. २०१२ साली उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशातील कर्करोग केंद्रे एकमेकांशी जोडली जात आहेत. त्या जोडणीचा लाभ घेतला, तर मुंबईच्या तज्ज्ञाचे मत मिळविण्यासाठी दर वेळी रुग्णानेच गाडी पकडण्याची आवश्यकता राहणार नाही. शासनाला नवे यंत्र घेण्याचा उत्साह नेहमीच असतो, कारण यंत्राचे उद्‌घाटन करता येते. बैठकीची फीत कापता येत नाही. म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष देण्याची गरज आहे.

वाचकांनाही आमचे सांगणे आहे. आपल्या भागात महत्त्वाच्या कामाआधी देवळात जाऊन कौल लावण्याची प्रथा आहे. कौल लावणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते की, ज्या गोष्टीवर कौल लावला त्याच गोष्टीचे उत्तर मिळाले. लग्नासाठी घेतलेला प्रसाद घराच्या बांधकामाला लागू होत नाही. यंत्राच्या अहवालाकडेही याच विवेकाने पाहिले पाहिजे. छाती आणि पोटाविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उजवे आले, म्हणून मेंदूविषयीचा न विचारलेला प्रश्न सुटत नाही. तेव्हा अहवाल हाती आला की आनंद जरूर करावा, पण डॉक्टरांना नम्रपणे एवढे विचारावे : या तपासणीत मेंदू पाहिला का? आणि नसल्यास, आमच्या माणसाच्या बाबतीत तो पाहण्याची गरज आहे का? या दोन प्रश्नांचे सरळ उत्तर देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे आणि ते विचारताना कोणीही संकोच बाळगू नये.